मामाच्या भाटातली शेड

पंचायतीत निवडून आले तेव्हा मला वाटलं होतं, रस्त्यावरचे दिवे, नळाचं पाणी आणि सणासुदीला व्यासपीठावरची एक खुर्ची, एवढंच आपल्या वाट्याला येईल. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, नवऱ्याच्या ओळखीच्या चौघांनी माझं नाव पुढे केलं, आणि सगळं आयुष्य बालवाडीत घालवलेली मी पंच झाले. पहिल्याच बैठकीत सचिवांनी वरून आलेला आदेश वाचून दाखवला. प्रत्येक पंचायतीची कचरा वेगळा करायची स्वतःची शेड हवी, नाहीतर अनुदान अडणार. सरपंचांनी चष्मा काढून मेजावर ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्या काम बायेकडे दिया. कचरो बायलांकच कळता." सगळे हसले आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आमचा गाव डिचोली तालुक्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेला. लाटंबार्से जवळ आणि दोडामार्ग त्याहून जवळ. भात, काजू, थोडे माड, आणि जमिनीचा एकेक तुकडा ज्याच्या त्याच्या मुठीत. अशा गावात पंचायतीला द्यायला जागा शोधायची म्हणजे पाण्यात काठी मारण्यासारखं. सचिवांच्या स्कूटरवर मागे बसून मी सगळा गाव पालथा घातला. शाळेमागची जागा सुचवली तर पालक आले. देवळाच्या खालच्या अंगाला म्हटलं तर देवस्थानचे महाजन आले. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीत बघायला गेलो तर तिथे कुणीकुणी आधीच चार भिंती उभ्या केल्या होत्या, आणि त्या भिंतींना वीजही होती. पडीक खाणीचा खड्डा सगळ्यांच्या पसंतीला उतरला, पण तो खाणवाल्याच्या लीजमध्ये, आणि ते लीज जिवंत की मेलेलं याचा निवाडा कोर्टात. शेवटी वैतागून मी ग्रामसभेत स्मशानाशेजारची जागा सुचवली. त्यावर मागच्या बाकावरचा एक म्हातारा सावकाश उठला आणि म्हणाला, "मेल्ल्यांका तरी सुखान रवाक दी गो बाय." त्याला टाळ्या पडल्या.

शेड कुणालाच नको होती असं मुळीच नाही. ती प्रत्येकाला हवी होती, फक्त पलीकडच्या वाड्यावर. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तशी वाड्यावाड्यावर एकच तऱ्हा. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची की लोकांना कचरा करायला लाज वाटत नाही, ठेवायला वाटते. तो म्हणायचा, हळू बोल, शेजारी मतदार आहेत.

आणि मग मामाने तोंड उघडलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. मामी वारल्यापासून एकटाच. एकुलती मुलगी सावंतवाडीला दिलेली. गावाच्या टोकाला, रस्त्याच्या वळणावर त्याची काजूची बाग, आमच्या बोलीत भाट. भाटाच्या खालून व्हाळ वाहतो, लहानसा ओढा, आणि व्हाळाच्या काठावर मामाची काजूच्या दारूची, हुर्राकाची भट्टी. वर्षातले तीन महिने भट्टी पेटायची आणि उरलेले महिने मामा त्या तीन महिन्यांबद्दल बोलायचा. झाडावरून ओरबाडलेलं काजूचं बोंडू त्याला चालत नसे. आपणहून खाली पडलेलंच हवं, तेही सकाळी वेचलेलं. रस उकळायचं भाण तांब्याचं, आजोबांच्या वेळचं. त्यातून येणारी वाफ थंड करायला पाणी व्हाळाचं. संध्याकाळी त्या वळणावर माणसं जमायची. गावातली असायची, हद्दीपलीकडची असायची, औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले कोल्हापूरकडचे कामगारही असायचे. मामा सगळ्यांना एकाच मापाने ओतायचा आणि जास्त झालेल्याला घरी हाकलायचा. मुलगी दर गणपतीला म्हणायची, बाबा, आता सावंतवाडीला चला. मामाचं उत्तर ठरलेलं, "भट्टी बंद जाली काय येतंय." त्याचा अर्थ तिलाही कळायचा आणि मलाही. भट्टी होती म्हणून मामा होता.

त्याच वळणावर लोक येताजाता प्लास्टिकच्या पिशव्या भिरकावत. दोन्ही राज्यांचे लोक, त्यात भेदभाव नव्हता. पिशव्या भाटातून घरंगळत व्हाळात जायच्या. भट्टी पेटवायच्या आधी मामा आठवडाभर बाल्दी घेऊन व्हाळ उपसत बसायचा. गावाला जागा मिळत नाही हे कळल्यावर तो माझ्या घरी आला, ओटीवर टेकला, चहा घेतला आणि म्हणाला, "माझ्या भाटाचो रस्त्याकडचो तुकडो घेया."

मी म्हटलं, "मामा, विचार करून बोल. कचरा आहे तो."

"कचरो थंय तसोय येताच. शेड जाली तर दार येतला, कुलूप येतला, माणूस येतलो. उघड्यार पडचो ना. व्हाळ नितळ रवलो काय माझी भट्टी रवली. माका आनी काय जाय?"

गावाला एवढा आनंद झाला की पुढच्या ग्रामसभेत मामाला शाल-श्रीफळ दिलं. सरपंच म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून गाव आहे. मामा शाल घेऊन घरी आला आणि ती त्याने भाणाभोवती गुंडाळून ठेवली. धूळ बसू नये म्हणून.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं. आमच्या गावात कुठल्याही जागेत कुदळ मारायच्या आधी त्या जागेच्या राखणदाराला विचारतात. राखणदार म्हणजे ती जागा राखणारा. त्याला देऊळ नसतं. मामाच्या भाटात तो एका जुन्या माडत्याच्या झाडाच्या बुंध्याशी आहे, एक साधा दगड. त्याला रोट देतात, विडी देतात, आणि मामा दर वर्षी भट्टीची पहिली धार त्याच्यासमोर ओततो. नवं काम काढताना मानकरी घरचा गावकर तिथे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय करणार आहोत ते मोठ्याने सांगतो आणि सांभाळून घ्यायची विनवणी करतो. जमलेली माणसं त्याला होकार देतात. त्या होकारात जे आलं ते सगळ्या गावाला बंधनकारक. गाऱ्हाणं घालायचा मान ज्या घराकडे, त्या घरचा कर्ता तेव्हा पंचायतीचा उपसरपंचही होता.

मी मामाला म्हटलं होतं की जमिनीचं दानपत्र होतंय, त्यात तुझी अट लिहून घे. फक्त सुका कचरा येईल, ओला येणार नाही, व्हाळाला घाण लागणार नाही, असं स्पष्ट लिहून घे. मामा माझ्यावर चिडला. मला वाटतं, आयुष्यात एकदाच तो माझ्यावर चिडला असेल.

"राखणदाराफुडे बोललेलो शब्द. तेका सही कित्याक? माणूस माणसाक फसयता म्हणून कागद. थंय कोण कोणाक फसयतलो?"

"मामा बरोबर बोलता," शेजारी बसलेले सरपंच लगेच म्हणाले. दानपत्र झालं, कारण ते सरकारला दाखवायचं होतं. त्यात मामाच्या अटीचं एक अक्षर नव्हतं. सही करण्याआधी ते मी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. तो मान डोलवत ऐकत होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या जमिनीची गोष्ट आहे.

गाऱ्हाण्याला मात्र तो नवं धोतर नेसून आला. सगळा गाव लोटला होता. उपसरपंचांनी डोळे मिटले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या तुझ्या जाग्यार गावान शेड बांदूची थारायली आसा. हंय गावचो सुको कचरो येतलो. ओलो येवचो ना, कुसको येवचो ना, व्हाळाच्या पाण्याक घाण लागची ना. ह्या लेकराच्या भट्टीक राख, आनी गावाक राख रे म्हाराजा." लोकांनी एका आवाजात होकार भरला. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या लेखी करार झाला होता, आणि त्याहून पक्का करार कुठल्या वकिलाला जमला नसता.

शेड उभी राहिली. निळ्या पत्र्याची, आत सिमेंटचे कप्पे, काचेचा एक, कागदाचा एक, प्लास्टिकचे तीन. प्लास्टिक दाबून गठ्ठे करायचं मोठं यंत्र आलं. आमदारांनी नारळ फोडला, फीत कापली, फोटो निघाले. मग कळलं की यंत्राला थ्री-फेज वीज लागते आणि आमच्या खांबावर ती नाही. ते यंत्र अजून तसंच आहे, त्याच्यावर कोंबडी बसते. पण शेड चालली. बेळगावकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं कचरा वेगळा करायला होतं, दोघंही कामाला चोख. मी घरोघर फिरून बायकांना दुधाच्या पिशव्या धुवून वाळवायला शिकवलं. पहिल्यांदा हसल्या, मग करू लागल्या. पोदेराकडचे उंडे, म्हणजे पाव, येतात त्या पिशव्याही धुवून दोरीवर दिसायला लागल्या. बालवाडीतल्या पोरांसाठी मी कचऱ्याचं एक गाणं रचलं, ते मी इथे लिहिणार नाही. त्या वर्षी व्हाळ खरंच नितळ राहिला. भट्टी पेटली तेव्हा मामा येईल त्याला शेड दाखवायला न्यायचा, आधी शेड आणि मग हुर्राक. मला त्या वर्षी वाटलं होतं की आपल्या हातून एक तरी बरं काम झालं. आज त्या वाटण्याचा राग येतो.

कारण तोपर्यंत खाली पेडण्यात हॉटेलं फुगत चालली होती. चोपड्याचा पूल उतरून किनाऱ्याकडे वळलं की जिथे पूर्वी माड दिसायचे तिथे आता भाड्याने द्यायच्या बंगल्यांच्या रांगा. तिथल्या पंचायतींनाही आदेश आला होता, आणि त्यांनाही जागा मिळत नव्हती. मामासारखा माणूस त्यांच्याकडे नव्हता. मग वरच्या पातळीवर एक बैठक झाली आणि असं ठरलं की आमची शेड चांगली चालते, जागा मोकळी आहे, तर त्यांचा कचरा तात्पुरता इथे आणावा. बदल्यात आमच्या मुख्य रस्त्याला दिवे आणि देवळापुढे पेव्हर.

तो ठराव पंचायतीत आला त्या दिवशी मी विरोध केला. एकटीच. मी विचारलं, हॉटेलचा कचरा सुका असेल का? खेकड्याच्या कवट्या सुक्या असतात का? राखणदारासमोर काय बोललो ते आठवतं का? उपसरपंच माझ्याकडे बघून मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "बाये, गाऱ्हाण्यात आमी गावच्या कचऱ्याचा बोललव. गावचो कचरो सुकोच येता. पेडण्याच्या कचऱ्याचा थंय कोण कायच बोलूक ना."

एकही माणूस हसला नाही. मला वाटलं होतं, निदान एक तरी हसेल. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. देवाला दिलेला शब्द मोडलाही नाही आणि दिवेही आले. हात वर झाले. देवासमोर होकार भरणारे हेच हात, फक्त तेव्हा ते जोडलेले होते.

मामाला मी सांगायला गेले तेव्हा तो भाण घासत होता. ऐकून घेतलं आणि विचारलं, "कितके दीस?"

"तात्पुरते म्हणतात."

"मगे आसूं. लोकांकय अडचण आसता." तो पुन्हा घासायला लागला. माझ्या मामाला कुणाचं वाईट दिसतच नसे, आणि मला त्याचा संताप यायचा.

ट्रक आले. सकाळी यायचे, दुपारी यायचे. नवा ठेकेदार आला, बेळगावचं जोडपं गेलं. शेडच्या कप्प्यांत काय चाललंय ते बघवत नसे. माशांची आतडी, मुलांचे डायपर, फुटलेले नारळ, अर्धवट खाल्लेलं अन्न, सगळं एकत्र. ते आत मावेना म्हणून बाहेर ओतायला लागले, मामाच्या कुंपणाला टेकून. पाऊस आला तसं त्या ढिगातून काळं पाणी सुटलं आणि उतार जिथे नेतो तिथे गेलं. उतार व्हाळाकडे नेतो. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, गावातल्या बकऱ्यांनाही माहीत आहे. जो व्हाळ मामा ओंजळीने प्यायचा त्याच्यावर तेलाचा रंगीत तवंग आला. मामाने व्हाळाच्या काठाने खाली नदीपर्यंत चालत जाऊन बघितलं. परत आल्यावर तो पायऱ्यांवर बसून राहिला.

पुढच्या हंगामात त्याने नळाचं पाणी वापरून बघितलं. आमच्याकडे नळ येतो तो भांडी भरण्यापुरता. भट्टीला पुरायचं कुठून? शेवटी कपड्याने गाळून व्हाळाचंच पाणी घेतलं. बोंडांचा रस ठेवला की त्यावर माश्यांचा थर. एके दुपारी तो बाटली घेऊन माझ्या घरी आला. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला. बाटली पुढे केली.

"तू पिना नाय, म्हणून तुझ्याकडे हाडलंय. पिणाऱ्यांचा नाक मेल्लला आसता. वास घे आनी खरा सांग."

मी वास घेतला. लहानपणापासून त्या वासात वाढले मी. चैत्रात आजोळी जायचं म्हणजे तोच वास, आंबूस, उग्र आणि गोड. तो होताच. पण त्याच्या मागे दुसरं काहीतरी होतं, ओल्या फडक्यासारखं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. खोटं बोलावं असं फार वाटलं.

"येतो," मी म्हटलं.

"येता मा?" तो म्हणाला. "माकाय येता. पयली धार राखणदारासमोर ओतली नाय मी औंदा. देवाक ह्या दिवचा कसा?"

ती बाटली तो माझ्याकडेच विसरून गेला. मी ती ओतून टाकली नाही. का ते माहीत नाही.

गावाला नावं ठेवायला वेळ लागत नाही. "कचऱ्याचो हुर्राक" हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण महिन्याभरात ते हद्दीपलीकडे पोचलं. वळणावरची माणसं आधी कमी झाली, मग यायची बंद झाली. ती गावातल्याच दुसऱ्या भट्टीकडे जायला लागली, जिचा मालक मामाच्याच हाताखाली शिकलेला. त्यानंतर जे बोलणं सुरू झालं ते मला सगळ्यात जिव्हारी लागलं. राखणदार कोपला, असं लोक म्हणायला लागले. कोपणारच, त्याच्या जागेत घाण आणून टाकली. कुणी आणली? ज्याने जागा दिली त्याने. बाजारात एका बाईने मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या मामान राखणदाराक इकलो गो." तिच्या घराचा कचरा त्याच शेडमध्ये जातो. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

मी काय करायचं बाकी ठेवलं? गटविकास कार्यालयात गेले, तर तिथून प्रदूषणवाल्यांकडे पाठवलं. प्रदूषणवाल्यांनी पंचायतीकडे पाठवलं, म्हणजे माझ्याचकडे. एकदा तपासणी आली. आदल्या दिवशी ठेकेदाराने ढिगावर चुना पसरला आणि दारात शेवंतीच्या कुंड्या आणून ठेवल्या. साहेबांनी व्हाळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं, कोकम सरबत प्यायलं, आणि गाडीत बसताना मला म्हणाले की बाई, तुमच्यासारख्या जागरूक लोकप्रतिनिधी सगळीकडे हव्यात. अहवाल आला तेव्हा पाऊस पडून व्हाळ दुथडी भरला होता. पाणी ठीक आहे, असं त्यात होतं.

मग नवा आराखडा आला. एक तरुण सल्लागार लॅपटॉप घेऊन ग्रामसभेत आला, पडदा लावला आणि शाश्वत कचरा व्यवस्थापन यावर बोलला. शाश्वत हा शब्द मी पूर्वी फक्त देवळातल्या कीर्तनात ऐकला होता, आत्म्याबद्दल. आता आत्म्याच्या पंगतीला कचराही जाऊन बसला. पोरगा वाईट नव्हता, कळकळीने बोलत होता. नकाशावर शेड मोठी झालेली, तिच्यामागे खताचे हौद, आणि सभोवती हिरवा रंग. हिरवा रंग म्हणजे मामाचं भाट. त्याला त्यांनी हरित पट्टा म्हटलं होतं.

मामा पहिल्या रांगेत होता. तो उठून पडद्याजवळ गेला आणि बोटाने शोधायला लागला. "ह्यात माझी भट्टी खंय?"

सल्लागाराने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. मग म्हणाला, "काका, ते तात्पुरतं बांधकाम आहे. तात्पुरती बांधकामं आराखड्यात दाखवत नाहीत."

पेडण्याचे ट्रक दाखवले होते. ते कोणत्या वाटेने येतील, कुठे वळतील, बाणांनी आखलं होतं. तात्पुरते आलेले ट्रक आता कायमचे, आणि आजोबांच्या वेळची भट्टी तात्पुरती. मी उभी राहून हे बोलले. सरपंच म्हणाले, सूचना नोंदवून घ्या. मामा अजून पडद्याजवळ उभा होता, त्याच्या पाठीवर हिरवा रंग पडला होता. कुणीतरी मागून म्हणालं, मामा, बस, दिसत नाही. तो बसला. आराखडा मंजूर झाला.

यंदा मामाने भट्टी पेटवली नाही. फाल्गुन संपला, बोंडं पिकली आणि पडायला लागली, लाल आणि पिवळी, आणि तो वेचायला गेला नाही. सावंतवाडीहून मुलगी घ्यायला आली. "भट्टी बंद झाली ना बाबा," ती म्हणाली. तिने ते चांगल्या मनानेच म्हटलं होतं. मामा म्हणाला, बघू. ती परत गेली. मी रोज डबा घेऊन जायची. तो दारात बसलेला असायचा आणि भाटात धप् धप् बोंडं पडत असायची. आपण ते बघू नये असं मला वाटायचं.

अशाच एका सकाळी तो कागद घेऊन माझ्याकडे आला. पंचायतीची नोटीस होती. मला पत्ता नव्हता, सचिवांनी काढलेली. हरित पट्ट्याची पाहणी करताना असं आढळलं होतं की आपल्या जागेत फळं सडत पडली असून ओला कचरा साचला आहे, त्यामुळे माशा आणि दुर्गंधी पसरून शेडच्या कामगारांच्या आरोग्यास धोका आहे. तरी हा ओला कचरा ताबडतोब हटवावा, अन्यथा कारवाई.

मी ते दोनदा वाचलं. मामाला म्हटलं, हा कागद मी फाडते, बघू कोण काय करतं ते.

"नाका," मामा म्हणाला. "बरोबर आसा ता. कुसता ता कुसताच."

त्याने घरी जाऊन टोपली काढली, बोंडं वेचायची. मी त्याच्या मागोमाग गेले. म्हटलं, माणूस बोलावते, तू वाकू नकोस. त्याने ऐकलं नाही. चांगली आणि सडलेली त्याने वेगळी केली नाहीत. जन्मभर ज्याने एकेक बोंडू हातात फिरवून बघितलं त्याने ती ओंजळींनी ओढून टोपलीत भरली. रस गळत होता, माशा डोक्याभोवती. टोपली डोक्यावर घेऊन तो भाटातून चढून शेडच्या फाटकाशी आला. स्वतःच्या जमिनीतून स्वतःच्या जमिनीत, मधे पंचायतीचं फाटक.

फाटकावर वॉचमन होता, कोल्हापूरकडचा. पूर्वी वसाहतीत होता तेव्हा संध्याकाळी मामाकडे यायचा. मामाला बघून तो स्टुलावरून उठला, टोपलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने फाटकावरच्या पाटीवर हात ठेवला. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की इथे फक्त सुका कचरा स्वीकारला जाईल. ती पाटी मीच पहिल्या वर्षी लावून घेतली होती.

"मामा, ह्यो ओला हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गावातला ओला आत घ्यायचा न्हाई, अशी ऑर्डर हाय. माझ्या पोटावर येईल."

आत, त्याच्या पाठीमागे, ढीग होता. मामाने ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही. वॉचमनशी तो भांडला नाही. डोक्यावरची टोपली तशीच सावरत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "मगे खंय व्हरू?"

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी पंच. मामानेही मान जमेल तेवढी वळवून माझ्याकडे बघितलं, टोपलीतला रस त्याच्या कपाळावरून नाकापर्यंत आला होता. कुठे नेऊ, हे तो खरंच विचारत होता. मी काही तरी सांगेन असं त्याला वाटत होतं.

मागून ट्रकने हॉर्न दिला. वॉचमन फाटक उघडायला धावला, आणि ट्रकला वाट द्यायला आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला सरकलो.